कानाच्या जोडीला कुंकू

माझं नाव माऊली, पण अंबडच्या स्टँडसमोर कोणालाही विचारा, तोंड कसंय माझं ते. मोबाईल दुरुस्त करतो अन् गिऱ्हाइकाला झापतो. रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावायचा, भर उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायचा, अन् बॅटरी फुगली की माझ्यापुढं आणून आपटायचा.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच सगुणाबाई आल्या. सोबत नात, तृप्ती, दुसरीतली. पोरगी जन्मापासून बहिरी. ऑपरेशन करून यंत्र बसवलेलं. त्याचा बाहेरचा तुकडा कानामागं अडकतो अन् बोटाच्या पेराएवढ्या बॅटरीवर चालतो. बॅटऱ्या दोन. कालपासून चार्जरचा दिवाच लागंना. नवी जोडी यायला तीन आठवडे लागणार होते.

"ऐकू येईना की ही बोलणंच सोडती," बाई म्हणाल्या. "कालपासून एक शब्द न्हाई."

यंत्राला मी हात लावणार न्हाई, हे आधीच सांगितलं. बॅटरी भिंगाखाली धरली अन् डोकंच सरकलं. करंट जायच्या ठिपक्यांवर वाळलेलं हळदकुंकू. खंडेनवमीला विळा, खुरपं, नांगर मांडून पूजा केल्ती, त्यांच्या रांगेत ह्या दोन बॅटऱ्याही बसवल्या होत्या. मंग काय, मी तोंडाचा पट्टा सोडला. अक्कल काढली, वय काढलं. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.

"चुकलं," बाई हळूच म्हणाल्या. "पण विळ्याला लावलं, मंग लेकराच्या कानाला कसं सोडू?"

मी ब्रश घेतला, स्पिरिटमध्ये बुडवून ठिपका न ठिपका साफ केला. चार्जरमध्ये बसवल्या. दिवा लागला. तेवढ्यात बॅटऱ्यांच्या पाठीवरची तारीख दिसली. पाच वर्षांपूर्वीची.

मला वाटलं, वाचायला चुकलो. थोडं चार्ज झाल्यावर मीटर लावला, दोन्ही तपासल्या. कुठं फुगवटा न्हाई, बिलकुल दम टिकून. पंधरा वर्षं दुकान चालवून राह्यलो, पण इतकी जुनी अन् इतकी धडधाकट जोडी हातात आली न्हवती. मी बाईंना विचारलं, काय केलं काय तुम्ही?

त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटंना. एकीला लाल दोरा, एकीला पिवळा. सकाळी लाल कामाला, दुपारून पिवळी. थकून पार बसायच्या आत काढून घ्यायची. पोट भरलं की चार्जरवरून उतरवायची. चुलीजवळ न्हाई, माठाजवळ न्हाई, उन्हाळ्यात मधल्या खोलीतल्या कोनाड्यात, सुती फडक्यात. बैल असेच सांभाळले होते म्हणे, तेच येत होतं. मी भिंतीवर कागद चिकटवून पाच वर्षं जे ओरडून सांगतोय, ते या बाईनं न वाचता, रोज, एक दिवस न चुकता केलं होतं.

बाईंनी लाल दोऱ्याची बॅटरी यंत्राला लावली, यंत्र पोरीच्या कानामागं अडकवलं. बारीक दिवा लुकलुकला. पोरीनं एकदम वर पाहिलं. मीही पाहिलं. पंखा कुरकुरत होता. माझ्या डोक्यावर इतकी वर्षं तो कुरकुरतोय, अन् मला त्याचा पत्ता न्हाई. मंग बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, तिनं मान वळवली अन् हसली. मी बघतच राहिलो. एवढ्याशा तुकड्यात सगळं जग भरून ठेवलं होतं अन् म्हातारीनं ते पाच वर्षं सांडू दिलं न्हवतं.

"बोला की काही तरी तिच्याशी," बाई म्हणाल्या.

दिवसभर बोंबलणारा मी, स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. कधी न काढलेल्या आवाजात विचारलं, "बाळा, नाव काय तुझं?"

"तृप्ती," ती म्हणाली. मंग माझ्याकडं नीट बघून तिनं विचारलं, "मघाशी तुम्ही माझ्या आजीला काय म्हणत होते?"

मी स्टुलावरून उठलो अन् तिला ऐकू जाईल असं सगुणाबाईंना म्हणालो, "आई, माझं चुकलं."