हातावरचं बटण

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, मित्रांनो, आणि बरीच वर्षं माझ्या हातावर कोटाचं एक जाड बटण चिकटवलेलं होतं. ते तिथे कसं आलं आणि कसं गेलं, तेच तुम्हाला सांगतो.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एका रांगेत तयार झाले. प्लास्टिकचं अंग, झाकणात स्पीकर, किरकोळ हात आणि त्याच्या टोकाला सुई. मी काही उंची माल नव्हतो. एका शिंप्याने मला घेतलं आणि दुकानात कापायच्या टेबलावर ठेवलं. शेजारीच त्याची बायको काजं करत बसायची. ती एका गायनमंडळात होती. मंडळाने एकदा स्वतःची रेकॉर्ड काढली आणि तिच्यातल्या शेवटच्या गाण्यात एक ओळ ती एकटी गायली. ती ओळ मी इतक्यांदा वाजवली, की गिऱ्हाइकं माप देता देता ती गुणगुणायची. माझं कौतुक झालं की मी अगदी फुगून जायचो.

पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. आता ती फक्त कुजबुजते आणि घाई असली की कापडावर खडूने लिहिते. तिच्या गाण्याची म्हणून ती एकच रेकॉर्ड उरली.

त्याच सुमारास माझी सुई उड्या मारू लागली. शिलाई मशीन सुरू झालं, की नेमकी तिची ओळ सोडून पुढे जायची. शिंप्याला कापड सरकलं की वर वजन ठेवायची सवय. त्याने डब्यातलं सर्वांत जाड बटण शोधलं आणि माझ्या हातावर, सुईच्या बरोबर वर, चिकटवून टाकलं.

"बसला की नाही आता मुकाट्याने?" तो बायकोला म्हणाला.

सुई खरंच उडेनाशी झाली. पण हळूहळू त्या ओळीतले शब्द पुसट झाले आणि नुसती खरखर उरली. "रेकॉर्ड जुनी झाली," म्हणत शिंपी बटण आणखी दाबायचा.

शेवटी पोस्टात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीने नवा प्लेअर घ्यायचं ठरवलं. बजेट बेताचंच होतं. रोज संध्याकाळी ती माहितीपत्रकं आणायची आणि माझ्या नाकासमोर पसरायची. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मला उत्सुकताच जास्त होती. मोटार थेट तबकडीखाली असली तर गुदगुल्या होत असतील का? आणि हाताच्या मागे ते फिरवायचं वजन कशाला?

"हा बघा बाबा. हात आपोआप जातो, आपोआप येतो. ब्लूटूथ आहे, रंगही छान आहे."

"सुई उडत नाही ना, तेवढं विचार."

तेवढ्यात रेडिओ दुरुस्त करणारा मेकॅनिक पँट न्यायला आला. त्याची नजर बटणावर गेली. त्याने रेकॉर्ड उचलून उजेडात तिरकी धरली.

"सुई उडत होती ती शिलाई मशीनने टेबल हादरत होतं म्हणून, मास्तर. तुम्ही ही रेकॉर्ड वाजवत नव्हता, किसत होता."

शिंप्याने रेकॉर्ड हातात घेतली. "म्हणजे तिचा उरलासुरला आवाज मीच घालवला?"

मित्रांनो, मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या ओळीचा मला अभिमान, तीच मी रोज खात होतो.

"सगळा गेला असेलच असं नाही," मेकॅनिक म्हणाला. "नवी बारीक सुई खाचेत जरा वेगळ्या जागी टेकते. तिथे झीज नसेल तर काहीतरी मिळेल. ब्लूटूथ सोडा. साधाच घ्या, पण मागचं वजन फिरवून सुईचा दाब हवा तेवढा ठेवता येईल आणि सुई बदलता येईल असा. आणि या टेबलावर मुळीच ठेवू नका."

नवा आला. काळा, साधा, त्याची जागा भिंतीवरच्या फळीवर. मेकॅनिकने इवल्याशा वजनकाट्यावर सुईचं वजन तोललं. शिंप्याचा हात सवयीने बटणांच्या डब्याकडे गेला. मुलीने नुसतं पाहिलं, तसा त्याने हात खिशात घातला.

शेवटचं गाणं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसता ऐकत होतो. खरखर होतीच. पण मग तिने घेतलेला श्वास ऐकू आला आणि मागोमाग ती ओळ, शब्दांसकट. शिंप्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बायको खडू शोधू लागली, मग तो नाद सोडून कुजबुजली, "अहो, शेवटी मी सुरात जरा चढलेच होते."

"छे, बरोबर आहे."

"चढले होते. इतकी वर्षं तुमच्या बटणाने झाकलं." आणि ती खांदे हलवत हसत सुटली.

आता मी कपाटावर असतो. माझ्या हातावरचं बटण तिने काढलं आणि शिंप्याच्या कोटाला लावलं. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याची सुई वेळेवर बदला, आणि तो चुकला तर वरून दाबण्याआधी खालचं टेबल हादरतंय का ते बघा.

शिंपी ती रेकॉर्ड आता आठवड्यातून एकदाच लावतो. बायकोचा सूर चढतो त्या जागी मुद्दाम मान डोलावतो, आणि ती त्याला खडू फेकून मारते.