मिस्त्रींची सकाळची गोळी

"थांबा, थांबा! टोचू नका!"

मिस्त्रींनी धड असलेला डावा हात वर केला, तशी डॉक्टरच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. डॉक्टर तरुण होती, मिस्त्रींच्या मुलीच्या वयाची असेल. तिला हसू आलं.

"काका, एवढे मोठे लिफ्ट मिस्त्री, आणि सुईला घाबरता? हाड बसवायचंय. याशिवाय सहन नाही होणार."

"सुईचं नाही हो," मिस्त्री म्हणाले आणि पुढचं गिळून बसले.

खाटेच्या एका बाजूला त्यांचे बूट हातात धरून कामावरचा जोडीदार लंबू उभा होता. पायाशी कंपनीचे साहेब फॉर्म भरत होते. मिस्त्रींचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. झालं ते एवढंच, की लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो त्यात उतरताना शिडीच्या तेलकट पायरीवरून मिस्त्रींचा पाय सटकला आणि सगळा भार मनगटावर आला. तीस वर्षांत हजार वेळा उतरलेली शिडी. लंबूने काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. साहेब धावत आले, आणि त्यांनी मनगट पाहण्याआधी वाकून मिस्त्रींच्या तोंडाजवळ नाक नेलं.

त्यात साहेबांचा दोष नव्हता. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. नऊ वर्षांपूर्वी हेच मिस्त्री भर दुपारी लिफ्टच्या टपावर पिऊन झोपलेले सापडले होते, आणि त्यांना तीन महिने घरी बसवणारे हेच साहेब होते. पण लंबूला ते झोंबलं.

"वास कसला घेता साहेब? सहा वर्षं झाली! नुसत्या मनाच्या जोरावर सोडली या माणसाने. औषध नाही, पाणी नाही. असं मन दाखवा कुणाचं!"

गाडीत बसल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत त्याचं हेच चालू होतं. आणि दुखऱ्या हातापेक्षा मिस्त्रींना तेच जास्त दुखत होतं.

कारण औषध होतं. रोज सकाळी चहाआधी एक गोळी. ठाऊक होतं ते फक्त बायकोला आणि ती देणाऱ्या डॉक्टरांना. सुरुवातीला मळमळायचं, डोकं जड व्हायचं. बायको समोर उभी राहून म्हणायची, "अहो, तोंड उघडा. जीभ वर." शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडून दाखवावं लागे. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. पण दीड-दोन महिन्यांत फरक पडला. पूर्वी संध्याकाळ झाली की डोक्यात कोणीतरी लिफ्टच्या बटणावर बोट दाबून उभा असायचा; ती येईपर्यंत बोट काढायचा नाही. गोळीनंतर तो माणूस मेला नाही, पण अधूनमधून एकदा बटण दाबून निघून जायला लागला. तेवढी उसंत मिस्त्रींना पुरली.

कामावर मात्र सगळ्यांनी ठरवून टाकलं, की मिस्त्रींचं मन लोखंडाचं. मिस्त्रींनीही ते खोडून काढलं नाही. तिसऱ्या वर्षी तर त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. गोळी बंद केली. अकराव्या दिवशी ते दारूच्या दुकानासमोर सुटे पैसे मुठीत घेऊन उभे होते. पाय तिथवर कसे आले ते त्यांना कळलं नाही. तसेच माघारी फिरले ते थेट डॉक्टरांकडे. ही गोष्टही कामावर कुणाला कळली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यातही वाईट एवढंच झालं, की दोन वर्षांपूर्वी लंबूने आपल्या धाकट्या भावाला त्यांच्यासमोर आणून बसवलं होतं. काचा कापणारा चांगला कारागीर, पण दारूपायी हात थरथरायला लागले होते. "मिस्त्री, याला जरा तुमचा मंत्र द्या." मिस्त्रींनी इकडंतिकडं पाहिलं. आजूबाजूला चार माणसं कान टवकारून बसली होती. "मन घट्ट करायचं," ते म्हणाले. "बाकी काही नाही." धाकट्याने मान हलवली. तीनदा मन घट्ट केलं, तीनदा ते सुटलं. तिसऱ्यांदा तो भावाला म्हणाला, "दादा, माझं मनच किडकं आहे," आणि त्याने प्रयत्नच सोडून दिला.

"काका?" डॉक्टर सुई घेऊन तशीच उभी होती.

या दोघांना बाहेर पाठवा, असं म्हणता आलं असतं. मिस्त्रींच्या ओठावरही आलं होतं. तेवढ्यात लंबू डॉक्टरला म्हणाला, "घाबरत नाहीत हो ते. ह्यांच्यासारखं मन –"

"गप रे!" मिस्त्री ओरडले. मग आवाज खाली आणून डॉक्टरला म्हणाले, "मी एक गोळी घेतो. दारूची इच्छा होऊ नये म्हणून. सहा वर्षं झाली, रोज. आज सकाळीही घेतली. ती घेत असताना असली अफूच्या जातीची इंजेक्शनं लागू पडत नाहीत, असं आमच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय."

डॉक्टरने सुई ट्रेमध्ये ठेवली. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर हे लागू का पडत नाही म्हणून मी आणखी देत सुटले असते. हाताच्या नसेजवळ भूल देते. हात बधिर होईल, तुम्ही जागेच राहाल." गोळीचं नाव विचारून तिने कागदावर लिहून घेतलं. सहा वर्षं जपलेलं गुपित अर्ध्या ओळीत मावलं.

लंबूने बूट हळूच खाली ठेवले. मिस्त्रींकडे एकदा पाहिलं, आणि तो निघून गेला.

साहेब घसा खाकरत म्हणाले, "गोळीच घेत होतात ना मिस्त्री, चोरी तर करत नव्हतात. माझी रक्तदाबाची चौदा वर्षं चालू आहे. मी कुठं म्हणतो, मनाच्या जोरावर दाब उतरवला?" थोडं थांबून त्यांनी जोडलं, "वास घेतला ते मनावर घेऊ नका."

हाड बसलं, प्लास्टर चढलं. निघताना डॉक्टर म्हणाली, "भूल उतरली की दुखेल. तुमच्या डॉक्टरांशी बोलून ती गोळी काही दिवस बंद ठेवता आली, तर जोरदार औषध देता येईल. नाहीतर साध्या गोळ्यांवर भागवावं लागेल. तुम्ही ठरवा."

"साध्याच द्या," मिस्त्री म्हणाले. "हे दुखणं महिन्याभरात जाईल."

त्या रात्री हात ठणकला. मिस्त्री उशी दातात धरून पडून राहिले. पण छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुटले बाई मी एकदाची! सहा वर्षं कुणी घरात आलं की आधी गोळ्यांचं पाकीट लपवायला धावायची." सकाळी तिने पाकीट पाण्याच्या तांब्याशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, ठेवून दिलं.

कामावरची माणसं भेटून गेली. कुणी हसलं नाही. लंबू मात्र आला नाही. मिस्त्रींनी दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही.

नवव्या दिवशी तो दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"माझा भाऊ दोन वर्षं स्वतःला शिव्या घालत बसलाय, मिस्त्री. मीसुद्धा घातल्या. तुमच्याकडं बोट दाखवून घातल्या. एक शब्द सांगता आला नाही तुम्हाला?"

"नाही आला," मिस्त्री म्हणाले. "लाज वाटली. तुम्ही हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत, आणि मला वरून उतरावंसं वाटेना. चूक माझीच आहे. त्याची नाही, तुझीही नाही."

लंबू चौकटीचा रंग नखाने खरवडत राहिला. त्याला भांडायचं होतं, समोरचा भांडेना.

"खाली उभाय तो," शेवटी तो म्हणाला. "वर यायला लाजतोय."

मिस्त्री चपला घालून तसेच खाली गेले. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. पार वाळला होता. मिस्त्रींनी त्याची माफी मागितली, तर तोच ओशाळला.

"काका, गोळी घेतली की सुटते?"

"जादू नाही रे ती. सगळ्यांना चालते असंही नाही. डॉक्टर रक्त तपासतील, तुला काय द्यायचं ते तेच ठरवतील. मधे माझाही पाय घसरणार होता. पण एक सांगतो, तुझं मन किडकं नाही. मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली होती."

धाकट्याने दुसरीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ तो नाक ओढत राहिला. मग म्हणाला, "उद्या चालेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मिस्त्रींना गोळी देणाऱ्या डॉक्टरांच्या दारापुढच्या बाकावर बसले. नंबर यायला वेळ लागला. धाकटा दोनदा उठला, दोनदा परत बसला. हाक आली तेव्हा त्याने शर्ट नीट खोचला, भावाकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि आत गेला. दार लागलं.

बाकावर दोघंच उरले. मिस्त्रींना तहान लागली होती. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ते डाव्या हाताने पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवू लागले. ते काही फिरेना. लंबूने समोरच्या भिंतीवरची नजर न काढता बाटली घेतली, झाकण उघडलं आणि परत त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी अर्धी प्यायली आणि त्याच्यापुढे धरली.

उरलेली लंबू प्यायला.