चांदणीखालचा दिवा

मी एक जुनी गाडी आहे. चार दारांची, निळ्या रंगाची. म्हणजे एके काळी निळी होते. आता ज्याला जो रंग दिसेल तो खरा. मिस्त्रींच्या गॅरेजमागच्या अंगणात, टायरांच्या ढिगाशेजारी मी उभी आहे. माझी पुढची दोन चाकं दुसऱ्या एका गाडीला गेली, तिथे विटा लावल्या आहेत. मागच्या सीटवर एक मांजर तिसऱ्यांदा व्यालं आहे. मला त्याचा राग येत नाही. कुणीतरी आत येऊन बसतं, हेही नसे थोडके.

मित्रांनो, तुम्ही माझी कीव करावी म्हणून मी बोलत नाही. मला एका दुपारची गोष्ट सांगायची आहे. ती मनात अडकून राहिली आहे, आणि इथे ऐकायला मांजराशिवाय कुणी नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाच दिवशी आम्ही चाळीस बहिणी रांगेने बाहेर पडलो. मला एका दंतवैद्याने घेतलं. तो मला दातांसारखं जपायचा, सकाळ-संध्याकाळ घासायचा. रोज इंजिनातली तेलाची पट्टी ओढून तेल बघायचा आणि फडक्याला पुसायचा. सात वर्षं त्याने मला साधी शिंकसुद्धा येऊ दिली नाही. मग त्याला मोठी गाडी हवीशी झाली आणि मी विकली गेले.

सेकंडहँड म्हणून मला कुणी हिणवलं, तर मी मनातल्या मनात हसत असे. कारण माझं खरं आयुष्य दुसऱ्या घरातच सुरू झालं. घरात चार माणसं होती. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. आई शाळेत चित्रकला शिकवायची. त्यांची सहा वर्षांची मुलगी सारखं काहीतरी कुरतडत असायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. आणि आजोबा, म्हणजे बाबांचे वडील. त्यांना घरात अण्णा म्हणत. ते पुढच्या सीटवर बसून बाबांना गाडी कशी चालवावी ते सांगत. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती.

आता गोष्टीच्या नावातल्या चांदणीकडे येते. मला बोलायला तोंड नाही. पण स्टिअरिंगसमोर एक बोटाएवढा लाल दिवा आहे. त्यावर तेलाच्या झारीचं चित्र आहे. पोटातलं तेल कमी पडलं की तो दिवा लागतो. तेवढीच माझी जीभ म्हणा. एकदा काय झालं, त्या दिव्याची तार बिघडली आणि तेल गळ्यापर्यंत असतानाही दिवा लागून राहू लागला. मिस्त्रींनी बघितलं आणि ते म्हणाले, "तेल भरपूर आहे. दिवाच खोटं बोलतोय. सवडीने तार बदलू."

पण खारू त्या लाल डोळ्याला घाबरायची. बाबांनी तिला सांगितलं, "लाव त्याच्यावर तुझं काहीतरी." तिने शाळेत बक्षीस मिळालेली सोनेरी कागदी चांदणी काढली आणि दिव्यावर चिकटवली. ती इतकी फिट्ट बसली की खालचा दिवा आहे की नाही हेही कळेना. दुसऱ्या दिवशी निघताना खारूने चांदणीला बोट लावलं. मग आईने लावलं. मग ती घरची रीतच झाली. कुठेही निघायचं तर आधी प्रत्येकाने चांदणीला बोट लावायचं. आजोबा वरवर म्हणायचे, "हा काय पोरखेळ!" पण बोट लावल्याशिवाय तेही पट्टा बांधत नसत.

पुढे मिस्त्रींनी तार बदलली. त्यांनी बाबांना बजावून सांगितलं, "दिवा आता खरं बोलेल बरं का. ती चांदणी काढून टाका."

"हो हो, काढतो की," बाबा म्हणाले.

चांदणी राहिली. कोण काढणार? सगळ्यांचा जीव जडला होता तिच्यावर. मलाही ती आवडत असे, हे मी कबूल करते. नटायला कुणाला आवडत नाही?

त्याच सुमारास माझ्या पोटाखालच्या तेलाच्या बुचाचा वायसर, म्हणजे गळती अडवणारी चकती, झिजला. थेंब-थेंब तेल गळू लागलं. आईच्या लक्षात आलं होतं. एकदा ती म्हणाली, "अहो, गाडीखाली काळा डाग पडलाय."

"शेजारच्या स्कूटरचा असेल," बाबा म्हणाले. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांना भिंगं बसवणारा माणूस! पण खाली वाकून बघायचं मात्र त्यांच्याने झालं नाही.

आजोबांना एक मोठा भाऊ होता. गेली अकरा वर्षं दोघं बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं, ते माझ्या सीटवर कधी कुणी बोललं नाही. इतकंच कळलं की दोघंही हट्टी, आणि 'आधी तो बोलू दे' यात अकरा वर्षं गेली. एक दिवस गाडीत बसल्या-बसल्या आईने सांगितलं, की थोरले आजोबा समुद्रापलीकडे लेकीकडे कायमचे निघाले आहेत. विमानाची त्यांना धास्ती, म्हणून बोटीने चालले आहेत. रविवारी दुपारी चारला बोट सुटणार. "मला काय करायचंय?" आजोबा म्हणाले. तीन आठवडे ते हेच म्हणत होते.

रविवारी सकाळी नऊ वाजता कुणी काही म्हणायच्या आत ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसले. मांडीवर रुमालात गुंडाळलेली एक सायकलची घंटा होती. खारूने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "दादाच्या सायकलची आहे. तो कामावरून आला की दोनदा लांब आणि एकदा तोकडी वाजवायचा. मग मी धावत जाऊन दार उघडायचो. दुसऱ्या कुणी उघडलेलं त्याला चालायचं नाही."

"मग आज तुम्ही त्यांना वाजवून दाखवणार?"

"आज त्याची त्याला देऊन टाकणार," आजोबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

सगळं आवरून निघायला बारा वाजले. चौघांनी चांदणीला बोट लावलं. आजोबांनी दोनदा लावलं.

मित्रांनो, तेव्हाच तो दिवा पेटलेला होता.

चांदणीच्या आड मी माझं सगळं बळ लावून सांगत होते, तेल संपत आलंय, थांबा. चार बोटं माझ्या जिभेवर टेकली आणि उचलली गेली. बाबांनी गिअर टाकला. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. माझ्या इथे अंधाराखाली दिवा होता. मी काय करणार? मी यंत्र आहे. चालवलं की चालते.

सपाट रस्त्यावर तीन तास मी कसंबसं निभावलं. मग बंदराअलीकडची टेकडी लागली. चढावर माझ्या आतून टकटक येऊ लागली. आजोबा म्हणाले, "काहीतरी वाजतंय रे."

"घंटा वाजत असेल तुमची," बाबा म्हणाले. आजोबांनी घंटा मुठीत घट्ट धरली. टकटक चालूच राहिली. बाबांनी वेग वाढवला. मनगटावरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते आणि टेकडी उतरून बंदर गाठायला अजून अर्धा तास लागणार होता.

चढाच्या शेवटच्या वळणावर माझ्या पोटात काहीतरी खाडकन धरलं गेलं. एक हिसका बसला आणि सगळा आवाज थांबला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. बाबांनी दोन्ही हातांनी ओढून मला कडेला घेतलं आणि हँडब्रेक खेचला. आई उतरली आणि तिने मागच्या चाकाखाली मोठा दगड सरकवला. तेवढं मात्र त्यांनी अगदी नीट केलं.

बाबांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. मग बॉनेट उघडून त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली. ती कोरडी ठणठणीत होती. ते पट्टीकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, त्यांना हाक मारावी आणि सांगावं, जाऊ दे, होतं असं. पण मला तेही जमलं नाही.

त्या काळी कुणाच्या खिशात फोन नव्हता. आई रस्त्याच्या मधे येऊन हात करत होती. एक बस गेली, दारापर्यंत भरलेली. दोन गाड्या गेल्या, त्यांनी काचही खाली केली नाही. वीस मिनिटांनी गाद्या भरलेला एक टेम्पो थांबला. चालक खाली उतरला, त्याने माझ्या आत डोकावून बघितलं आणि मान हलवली.

"इंजिन धरलंय, भाऊ, पार जाम झालंय. आता हे ढकलून नाही चालायचं."

"आमच्या अण्णांना तरी बंदरापर्यंत सोडा," आई म्हणाली. "चारची बोट आहे. त्यांचा भाऊ चाललाय."

टेम्पोवाल्याने घड्याळ बघितलं. मग त्याने आजोबांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघितलं. "काका, खोटं कशाला बोलू? एवढा माल घेऊन पुढचा उतार मला गोगलगायीसारखा उतरावा लागतो. पोचेपर्यंत साडेचार होतील. चला म्हणत असाल तर नेतो, पण बोट नाही सापडायची."

आजोबांनी घंटेवरचा रुमाल घट्ट गुंडाळला. मग म्हणाले, "राहू दे. तू खरं सांगितलंस, तेच पुष्कळ झालं."

टेम्पोवाल्याने टेकडीपलीकडे जाऊन मिस्त्रींना फोन करायचं कबूल केलं आणि तो गेला. बाबा रस्त्याच्या कडेला मटकन बसले. मी जिथे उभी होते, तिथे रस्ता टेकडीच्या समुद्राकडच्या अंगाला वळत होता, आणि तिथून बंदर दिसत होतं. हेच सगळ्यांत वाईट होतं. रस्ता वळणं घेत लांबून जायचा, पण खाली पाहिलं तर पांढरी बोट पायाशी असल्यासारखी दिसत होती. कठड्याला माणसं उभी होती, तांदळाच्या दाण्यांएवढी. त्यांतला दादा कोणता, ते कोण सांगणार?

आजोबांनी रुमाल सोडला आणि घंटा वाजवली. दोन लांब, एक तोकडी. ती रस्त्याच्या पलीकडेसुद्धा धड गेली नसेल. मग बोट हलली. आजोबा घाईघाईने वळले आणि पहिल्यांदाच माझ्या चालकाच्या सीटवर येऊन बसले. त्यांनी दोन्ही तळवे हॉर्नवर दाबले.

इंजिन मेलं होतं, पण बॅटरीत जीव होता. मी ओरडले. दोन लांब, एक तोकडा. पुन्हा. आणि पुन्हा. आयुष्यात मी इतक्या मनापासून कधी ओरडले नव्हते. शेवटी माझा आवाज घोगरा झाला आणि बसला. त्याच वेळी बोटीने आपला मोठा भोंगा वाजवला.

"त्यांनी ऐकलं! त्यांनी ओ दिली!" खारू नाचायला लागली.

बोटी सुटताना भोंगा वाजवतातच. मला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिला कुणी अडवलं नाही. आजोबांनी हॉर्नवर डोकं टेकवलं.

संध्याकाळी मिस्त्री दोरखंड घेऊन आले. त्यांनी स्टिअरिंगसमोर बघितलं, आणि नखाने चांदणी खरवडून काढली. खाली दिवा होता. बॅटरी बरीच उतरली होती, तरी किल्ली फिरवल्यावर तो मिणमिणत लागला. लाल, एवढासा.

"ही कोणी चिकटवली?" मिस्त्रींनी विचारलं.

खारूचा चेहरा पांढरा पडला. तिने खालचा ओठ दातांत धरला.

"मी," बाबा म्हणाले. "मीच चिकटवली. आणि तुम्ही सांगूनही काढली नाही."

ते खरंही होतं आणि खोटंही. पण त्या माणसाबद्दल माझ्या मनात जो राग होता, तो त्या क्षणी निवळला.

इंजिन दुरुस्त होण्यापलीकडे गेलं होतं. मी इथेच राहिले. दोन महिन्यांनी आजोबा एकटे आले, गॅरेजच्या मागे चालत आले आणि चालकाच्या सीटवर बसले. त्यांच्या हातात परदेशी तिकिटाचं पत्र होतं. त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मला नसेल, स्वतःलाच. प्रवासाची हकीकत होती, लेकीच्या घराचं वर्णन होतं. आणि शेवटी असं होतं: 'बोट सुटेपर्यंत मी बंदराच्या फाटकाकडेच बघत होतो. मला हल्ली कानाने काही ऐकू येत नाही. पण कठड्याशी उभी असलेली माणसं हसत होती, की टेकडीवर कुणी वेडा सारखा हॉर्न वाजवतोय. दोन लांब, एक तोकडा, असं एकाने मला बोटांनी करून दाखवलं. तू तर नव्हतास ना रे?'

आजोबांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग दोन्ही तळवे हॉर्नवर ठेवले आणि दाबले. दोन लांब, एक तोकडा.

आवाज आला नाही. माझी बॅटरी मिस्त्रींनी कधीच काढून नेली होती.

"असू दे," आजोबा मला थोपटत म्हणाले. "पत्राने कळवतो."

मित्रांनो, मला आता कुठे जायचं नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरी गाडी असेल, तर निघण्याआधी खाली वाकून जमिनीवरचा डाग बघा, पट्टी ओढून तेल बघा. आणि लाल दिवा लागला, मग तो गाडीतला असो की घरातल्या माणसाचा, तर त्याच्यावर काही चिकटवू नका. त्याच्याकडे बघावं, म्हणूनच तो लागलेला असतो.