वजिराची आंबट भाकरी

संदल आणि मी नूबियातल्या एकाच गावचे, एकाच नावेतून कैरोला विकायला आणलेले; तो तेव्हा अगदी लहान होता. तो खलिफाचा वजीर झाला, मी त्याच्या मुदपाकखान्यात राहिले. एकदा मी त्याच्यासाठी गावाकडची, पीठ आंबवून करायची ज्वारीची भाकरी केली. अन्न चाखणाऱ्या नोकराने पहिलाच घास थुंकला.

"विष आहे यात!"

पहारेकऱ्यांनी माझे हात बांधले. विष घालणाऱ्याला तिथे जिवंत ठेवत नसत.

तेवढ्यात संदल आला. त्याने भाकरी हुंगली आणि तो हसला. "अरे शहाण्या, ही आंबटच असते. सोडा तिला."

उभ्याउभ्याच त्याने ती संपवली.

"ताई, माझ्या आईची अशीच लागायची का गं? मला आठवतच नाही."

"ती याहून जास्त आंबवायची."

"मग उद्या तशी कर. चाखायला मीच येतो."