काळं सारवण

माझ्या हातचं सारवण वस्तीत नावाजलेलं होतं. शेणात बॅटरीच्या सेलमधली काळी भुकटी कालवली, की जमीन अशी काळीभोर उठते की वरची पांढरी रांगोळी बघतच राहावी. आणि भुकटी फुकट मिळे. हिंगण्याच्या सेल कारखान्यातला बिघडलेला माल ट्रकने यायचा आणि आमच्या वस्तीमागच्या खड्ड्यात रिकामा व्हायचा. आम्ही बायका ते सेल ठेचायचो, भुकटी घरी न्यायचो आणि वर कंपनीला दुवा द्यायचो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

मग माझी नीला रांगायला लागली. आठ दिवसांत तिचे गुडघे आणि तळवे सोलवटले. डॉक्टरांनी विचारलं, "जमिनीला काय लावता?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. भुकटीतला खार कातडी खातो म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या जमिनीचा मी तोरा मिरवला, तिनेच माझं लेकरू पोळलं.

मी जमीन खरवडून काढली. पण वारा सुटला की खड्ड्यातली भुकटी पुन्हा अंगणात हजर. तो खड्डा उपसल्याशिवाय पोर बरी होणार नव्हती.

मी आणि माझी सासू प्रयागबाई कारखान्यात गेलो. मॅनेजर शरच्चंद्र साहेबांनी बसासुद्धा म्हटलं नाही.

"त्यात अपाय करणारं काहीच नाही, बाई. आणि फेकलेला माल आमचा नसतो. तुम्हीच तो घरी नेता."

सासूबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फाटकाबाहेर येताच मी विचारलं,

"आत्याबाई, तुम्ही काहून गप बसल्या?"

"गप कोन बसलं वं? परवा खंडेनवमी हाय. साहेबाचं बी सारवून देऊ."

खंडेनवमीला मशिनींची पूजा असते, त्या दिवशी फाटक सगळ्यांना उघडं. आम्ही सात जणी हाताला चिंध्या गुंडाळून, बादल्या घेऊन गेलो. चौकीदाराला वाटलं, पूजेची तयारी. बघता बघता ऑफिसचा व्हरांडा आम्ही काळाभोर सारवला. वर मी ठसठशीत रांगोळीही काढली.

एवढ्यात साहेबांची गाडी आली. ते उतरले तेव्हा कडेवर त्यांची नात होती, नीलाएवढीच. रांगोळी पाहून ती खाली उतरायला झेपावली. साहेबांनी तिला घट्ट धरलं आणि ते ओरडले, "अरे, आधी हे धुऊन काढा! पोरीच्या अंगाला लागेल!"

सगळे कामगार ऐकत होते.

"ठेवा न तिले खाली, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "अपाय नाही म्हनले न तुमी?"

खरं सांगते, त्यांनी ठेवली असती तर मीच धावले असते. पण साहेबांनी नातीला परत गाडीत बसवलं आणि तिथूनच खड्डा उपसायचा हुकूम दिला.

दुपारीच ट्रक आला. कंपनीची माणसं रबरी हातमोजे घालून खड्डा उपसू लागली. मी घरात उरलेल्या भुकटीची टोपली आणून ट्रकमध्ये उलटी केली. ट्रक सुरू झाला तशा सासूबाई ड्रायव्हरच्या दारापाशी गेल्या.

"कुठं नेऊन राहिला गा हे?"

"मले काय माहीत, बाई. साहेब सांगन तिकडं."

"मंग साहेबाले सांग. हे त्याच्याच घरचं हाय, त्यानंच निस्तरावं. दुसऱ्या वस्तीमागं टाकसान, तं आमी तिथल्या बायकाईले घेऊन पुन्हा सारवाले येऊ."