बद्द वाजणारं मडकं

प्रदर्शन समितीच्या मंडळींनो, तुम्ही माझं मडकं न बघताच परत पाठवलंत. इथल्या मेट्रोत मांडीवर धरून आणलेलं. टॉवेल पुरता सुटलाही नव्हता, तोवर तुमच्या चिटणीस संजीवनीबाई विचारत्या झाल्या, "सर्टिफिकेट?"

"बाई, बनवणारीच्या दारात बसून घेतलंय. अमेरिकेत, न्यू मेक्सिकोत."

"ते असेल हो धनेशराव. पण कमिटीचा नियम आहे. तळाला सहीसुद्धा नाही."

सही कुठून असणार? ती बनवणारी म्हातारी मडक्यांवर सही करतच नाही. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

मी तेलाच्या जहाजावर फिटर. ह्यूस्टनला कॉन्ट्रॅक्ट संपलं की बाकीचे घरी पळतात. मी एक दिवस, एक रात्र बसमध्ये काढून न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो आदिवासींच्या त्या गावी जातो. तीनदा गेलो. म्हातारीकडे चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचते, अर्धवट वाळल्या अंगावर पाण्याचा नाग कोरते, गोट्याने घासून आरसा करते. मग शेणाच्या आगीत धूर कोंडते, की लाल मडकं काळंभोर होऊन निघतं. माझे वडील फलटणचे कुंभार. त्यांनी ते बघितलं असतं तर दिवसभर कुणाशी बोलले नसते.

इथल्या तोआ पायोह वस्तीतल्या माझ्या खोलीत अशी तीन आहेत.

आणि तुमच्या टेबलावर मधोमध तिचंच चौथं मांडलेलं. मालक, तांजोंग पगार भागातल्या बँकेतले प्रबोधसाहेब. कॅटलॉग बघून फोनवर मागवलेलं. माझ्या तिन्हींपेक्षा सरस होतं, लपवत नाही. कोरीव काम एवढं खोल, तरी नागाची कड कुठे ढळलेली नाही. मनात म्हटलं, म्हातारे, हे मला का नाही दाखवलंस?

"काय धनेश, ओळखलंस का?" प्रबोधसाहेब हसले. "मला यातलं शष्प कळत नाही बाबा. स्मिताला कोपऱ्यात काहीतरी काळं हवं होतं."

काहीतरी काळं!

मी बोटाच्या पेराने मडक्यावर टकटक केली.

"अंकल, कॅनॉट टच, ला!" त्यांची मुलगी जाई इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली.

मडकं बद्द वाजलं.

"तडा आहे," मी म्हणालो.

"दिसत तर नाही."

"दिसत नाही, ऐकू येतो. कुंभाराचा पोर आहे मी, साहेब."

संजीवनीबाई धावत आल्या. "यांना कळतं हो त्यातलं. घराणंच आहे त्यांचं." पाच मिनिटांत तुम्ही मडकं टेबलावरून उतरवलंत.

तडा नव्हता. त्या गावची मडकी बद्दच वाजतात. मंद आगीत भाजलेली, पाणी भरायची नव्हेतच ती. माझी तिन्ही तशीच वाजतात. टकटक करायच्या आधीपासून मला ते ठाऊक होतं.

चार दिवस जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी सेरंगून भागात प्रबोधसाहेबांच्या फ्लॅटवर गेलो. स्मितावहिनींनी दार अर्धंच उघडलं.

"वहिनी, मी खोटं बोललो. मडकं चांगलं आहे."

त्या म्हणाल्या, "अहो, तडा गेलेलं घरात ठेवतात का? त्याच दिवशी टाकलं मी. कचऱ्याच्या शूटमध्ये."

अकराव्या मजल्यावरून थेट तळापर्यंत जाणारी कचऱ्याची नळी ती. मी खाली जाऊन शूटच्या लोखंडी झाकणापाशी उभा राहिलो. गाडी केव्हाच येऊन गेली होती. झाडणाऱ्याने पाइप लावून फरशी धुतलेली.

ते मडकं मी मारलं. जळफळाटाने मारलं. त्याचं पाप माझ्याकडे, ते तुमच्यावर ढकलत नाही. पण तुमच्या वाट्याचं तुम्ही बोला. मी खरं बोललो तेव्हा तुम्हाला कागद लागला. खोटं बोललो तेव्हा माझी जात पुरली. का? तोंडी नको. लेखी उत्तर द्या.