सरकारी दिव्यावरचा विळा

मनकर्णाने उंबऱ्यापाशी येऊन पाण्याने भरलेला पितळी गुंड पुन्हा ओतून दिला, तेव्हा पाणी घरापुढच्या सपरीत बसलेल्या गुणवंतरावांच्या धोतरापर्यंत वाहत आलं. पोरगी नऊ वर्षांची. ओतलं, वळली आणि रिकामा गुंड कमरेवर घेऊन परत विहिरीकडे चालू लागली.

"सकाळपासून बारावी खेप हाय, डाक्टर," तिचा बाप लटारू म्हणाला. "उंबऱ्यात डावा पाय आधी पडला का पानी ओतून देते. माय तिची खळ्यावर, अन् इथी घरात थेंब नाई."

"काऊन ओतते, इचारलं का?"

"इचारलं ना. म्हन्ते, नाई ओतलं त भाऊ मरन. देवी येईन अन् भाऊले घेऊन जाईन." लटारूने मांडीवरच्या दोन वर्षांच्या पोराला उगीचच घट्ट धरलं. "पाठच्या भावाले असं बोलते पोट्टी. मारून पाह्यलं, कोंडून पाह्यलं. आयकतच नाई."

गुणवंतराव देवीची लस टोचणारे. लस थंडीतच टिकते म्हणून दिवाळी झाली की चांद्याहून निघायचं, चामोर्शीच्या अंगाची गावं पायी पालथी घालायची आणि होळीला घरी पोचायचं, असा त्यांचा एकोणीस वर्षांचा क्रम. हा सन चोपन्नचा माघ. गावं त्यांना डाक्टर म्हणत आणि ते म्हणू देत.

माणूस भला होता, हे आताच सांगून ठेवतो. पुढे सांगायला जागा मिळणार नाही.

त्यांच्या स्वच्छतेची ख्याती होती. टोचणी चार वेळा पुसायची, स्पिरिटच्या दिव्यावरून चार वेळा फिरवायची, मग पेटीच्या झाकणावर चार टिचक्या. मध्येच कुणी बोललं की सगळं पहिल्यापासून. एका साहेबाने तपासणीत हे पाहिलं आणि शेरा लिहिला, 'अत्यंत दक्ष कर्मचारी.' तो कागद गुणवंतरावांनी ट्रंकेत तळाशी जपून ठेवला होता. दक्षता कसली डोंबलाची! चार पुरे झाले नाहीत तर टोचलेलं पोर दगावेल, ही भीती त्यांच्या छातीत होती. लहानपणी ती कडीच्या रूपाने आली होती, आता टोचणीच्या. बायकोलाही पत्ता नव्हता. नशीब बघा, वेडालाच नोकरी लागली होती.

आणि त्यांना यावरचा उपायही ठाऊक होता. आठ वर्षांचे असताना ते नागभीडच्या घरी दाराची कडी पुन्हा पुन्हा लावत बसत. लावली नाही तर आई मरेल असं वाटे. त्यांची मोठी आई त्यांचा हात हातात घेऊन पायरीवर बसायची. रागवायची नाही, पण कडीला हात लावू द्यायची नाही. "भेव येते त येऊ दे," म्हणायची. "बसून राहू आपन दोघं. थकते ते, अन् जाते." पोरगं घामाघूम होई, रडे, आणि कधीतरी ते भेव खरंच थकून जाई. दोन पावसाळ्यांत कडी सुटली. मग मोठी आई गेली. कडीच्या जागी हळूहळू चारचा आकडा आला, आणि तेव्हा हात धरायला कुणी उरलं नव्हतं.

"आज कलाबाई डाग देनार हाय तिले," लटारू म्हणाला.

कलाबाई आलीच. गावातली बाळंतपणं तिच्या हातची. तान्ह्याचं पोट फुगलं तरी डाग द्यायला तिलाच बोलावत. हातात विळा होता. तिची नजर पेटीशेजारच्या दिव्यावर गेली.

"डाक्टर, चुलीच्या इस्तूवर तापवला का डाग पिकते," ती म्हणाली. "तुमचा दिवा सरकारी. त्याच्यानं देवी पळते, मंग हे काऊन नाई पळनार?"

जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. त्यांचं काय चुकलं? एकोणीस वर्षं गुणवंतरावच सांगत आले होते, लेकराला घडीभर दुखेल, दंडावर डाग राहील, पण बला टळेल. गावाने ते नीट ऐकलं होतं.

सांगायचं वाक्य गुणवंतरावांच्या घशापर्यंत आलं. लटारू, हा आजार आहे, मलाही आहे, तिचा हात धरून बस. एवढंच सांगायचं होतं. पण संध्याकाळपर्यंत ते चामोर्शीला पोचलं असतं. टोचणीवाला वेडा आहे म्हटल्यावर कोणती माय आपलं लेकरू पुढे करील? नोकरी जाईल, तो कागद जाईल.

"आज राहू द्या," ते एवढंच म्हणाले. "चांद्याले मोठ्या डाक्टरले दाखवा."

"खळं टाकून चांद्याले जाऊ?" लटारू म्हणाला. असलेलं उत्तर गुणवंतरावांनी गिळलं होतं.

कलाबाईने विळा पुढे केला. पात्यावर गंज होता, गवताचा वाळलेला रस होता. गुणवंतरावांना तो मळ बघवेना. त्यांनी विळा घेतला आणि पुसायला लागले. एक. दोन. तीन.

"आन वं तिले इकडं," मध्येच लटारू ओरडला.

गुणवंतरावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ओठ हलत होते. दोन बायांनी धरून आणलेली मनकर्णा एकाएकी धडपडायची थांबली. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिच्या तोंडावर इतका आनंद आला की काय सांगू. परक्या गावात आपलं माणूस भेटावं तसा.

"डाक्टर," ती हळूच म्हणाली, "तुमाले बी करा लागते? नाई केलं त तुमचं कोन मरन?"

सगळे गुणवंतरावांकडे बघू लागले.

ते हसले. बाकी सगळं मी समजून घेऊ शकतो, ते हसणं नाही.

"काई बी बोलते पोट्टी," ते म्हणाले आणि विळा ज्योतीवर धरला.

ज्योत लहान, विळा मोठा. तापायला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ मनकर्णा त्यांच्याकडेच बघत राहिली. मग कलाबाईने दोन्ही मनगटांवर डाग दिले. ती किंचाळली तेव्हा मांडीवरचं पोरगंही रडायला लागलं. गुणवंतरावांनी टोचणी चार वेळा पुसली आणि त्यालाही टोचून टाकलं.

पुढच्या माघात ते आले तेव्हा लटारू सामोरा धावला.

"गेलं जी! एकाच खेपेत गेलं. आता पाय कुठीबी पडो, पानी सीधं घरात."

मनकर्णाने पाण्याचा लोटा आणून ठेवला. मनगटांवर पांढुरके चट्टे होते. ती खांबाला टेकून बसली, हात मांडीवर, शहाण्यासारखी. गुणवंतरावांची नजर खाली गेली. परकराच्या काठाखाली तिच्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबला जात होता. थांबे, पुन्हा दाबे. ती हे लपवायला शिकली होती. त्यांना हे शिकायला तिच्याहून जास्त वर्षं लागली होती.

"मनकर्णा," ते म्हणाले. पुढे काय म्हणायचं ते त्यांनी वर्षभर घोकलं होतं.

तिने पाय झटकन आत घेतला. "मी काई नाई करत," ती म्हणाली.

गावातली लेकरं जमली होती. गुणवंतरावांनी खाली मान घालून पेटी उघडली, टोचणी काढली, पुसायला घेतली. एक. दोन. लटारू काहीतरी सांगायला तोंड उघडतच होता.

"बा, उगी राह्य," मनकर्णा म्हणाली. "डाक्टरचं होऊ दे."

लटारू गप्प झाला. गुणवंतरावांनी वर पाहिलं नाही. तीन. चार. कुणीही बोललं नाही.